निळ्या रेषेवरून

फूटपट्टीबाईंनी घरच्यांना विचारलं नाही, की आधी कानावरही घातलं नाही. रविवारी दुपारी जेवणं उरकल्यावर त्यांनी टेबल पुसून कोरडं केलं, त्यावर चार फुटी ट्रेसिंग पेपर अंथरला आणि चारही कोपऱ्यांवर वाट्या पालथ्या घातल्या.

"हे काय?" लेकीनं विचारलं.

"माझा प्रवास," बाई म्हणाल्या. "आठ दिवस. एकटीचा."

जावई मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता, तो सरळ झाला. नवऱ्यानं वर्तमानपत्राची घडी केली. घडी केली म्हणजे प्रकरण गंभीर, कारण एरवी पेपर वाचताना घरात कुणी आरोळी ठोकली तरी ते पानावरून डोळे काढायचे नाहीत.

बाई पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं नकाशे काढत होत्या. नकाशे गिरवणाऱ्या ट्रेसर म्हणून लागल्या आणि मुख्य आरेखक म्हणून निवृत्त झाल्या. हात इतका सरळ की खात्यातले लोक म्हणायचे, या बाईंना फूटपट्टी लागत नाही, या स्वतःच फूटपट्टी आहेत. नाव चिकटलं ते कायमचं. नवरा शाळेत मुख्याध्यापक. अख्खी गल्ली त्यांना 'सर' म्हणायची आणि घरातही ते सरच होते. शाळेतून निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी घरात काही ठरायचं तर शेवटची मान त्यांची डोलावी लागायची. दूधवाला बदलायचा असला तरीसुद्धा.

कागदावर एक शहर होतं. दूरच्या, थंड देशातलं, कालव्यांचं. मधे एक जुना चौक, चौकाभोवती कालव्यांची अर्धगोल वळणं एकाबाहेर एक, त्यांना छेदणाऱ्या बारक्या शाखा, शाखांवर कमानींचे पूल. पाणी निळ्या शाईत, घरं काळ्या, आणि बाईंचा आठ दिवसांचा चालण्याचा मार्ग लाल शाईत. प्रत्येक वळणावर वेळ लिहिलेली. खाली उजव्या कोपऱ्यात, ऑफिसातल्या प्रत्येक नकाशावर असतो तसा तक्ता: आरेखन, तपासणी, मंजुरी, स्थळ-पाहणी. आरेखनापुढे बाईंची सही होती. बाकीचे तीन रकाने रिकामे. एकतीस वर्षं त्यांनी तेवढी एकच सही केली होती. पुढच्या सह्या साहेब लोकांच्या.

"पण आई, तुमचं दोघांचं बुकिंग झालंय," लेक म्हणाली. तिनं आईबाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून एका ग्रुप टूरमध्ये दोघांची नावं घातली होती. दहा दिवसांत सात देश. "हे शहर आहे की त्यात. मी मुद्दाम बघून घेतलंय."

"आहे. मीही बघितलंय." बाईंनी टूरचं माहितीपत्रक काढलं. त्यात पेन्सिलीनं खुणा केलेल्या होत्या. "सकाळी सव्वाअकराला बस पोचणार. दीडला निघणार. त्यात जेवण, त्यात एका दुकानात नेऊन बसवणार. उरली पन्नास मिनिटं. पन्नास मिनिटांत मी या कागदावर इथून इथपर्यंत जाईन." त्यांनी नखानं एवढासा तुकडा दाखवला. "एवढ्यासाठी मी इतकी वर्षं थांबले नाही."

थांबल्याची गोष्ट घरात कुणाला धड माहीत नव्हती, कारण कुणी विचारली नव्हती. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी खात्याच्या कपाटात त्यांना एक जुनं इंजिनिअरिंगचं मासिक सापडलं होतं. त्यात या शहराचा घडीचा नकाशा होता. जेवणाच्या सुट्टीत, बारा दिवस, डबा मांडीवर ठेवून त्यांनी तो ट्रेस केला. दिवसभर त्या जे पाणी काढायच्या ते सगळं जमिनीखाली गाडलेलं असायचं, वर रस्ता, रस्त्यावर गाड्या, आणि खाली पाइप आहे हे कुणाच्या गावीही नाही. आणि इथे एक शहर होतं ज्यानं आपलं सगळं पाणी उघड्यावर ठेवलं होतं, घरांच्या उंबऱ्याला लागून. तेव्हाच त्यांनी ठरवलं होतं की हा नकाशा पायानं बघायचा. मग लेक झाली, सासूचं आजारपण आलं, सरांची बदली झाली, बदली रद्द झाली. नकाशा कपाटावर गुंडाळीत पडून राहिला.

"व्हिसाचे कागद मी दिले," बाई म्हणाल्या. "खोलीही ठरवली. अरुंद जिना आहे, तिसरा मजला. मालकिणीनं तीनदा विचारलं जिना चढाल ना. मी तीनदा हो म्हटलं."

सर खाकरले. शाळेत ते असे खाकरले की वर्ग उभा राहायचा. पण त्यांनी तोंड उघडण्याआधीच जावई कागदावर वाकला होता. पोरगा हुशार, आणि हुशार माणसांना गप्प बसवत नाही.

"आई," तो हळूच म्हणाला, "तुमची ही लाल रेष पाण्यातून चाललीय."

बाईंनी बघितलं. खरंच. पहिल्या दिवसापासून आठव्यापर्यंत लाल रेष निळ्या पट्ट्याच्या अगदी मधोमध, एका मिलिमीटरचाही फरक न होता, सगळ्या कालव्यांतून वळत गेली होती. पुलांच्यासुद्धा खालून.

चूक अशी की ती फक्त त्यांच्याच हातून व्हावी. खात्यात निळी रेष म्हणजे पाइप, आणि पाइप रस्त्याखालून जायचा. तपासणीला निघालेला लाइनमन निळ्या रेषेवरूनच चालायचा आणि तो चालला ती वाट लाल शाईत त्याच रेषेवर उमटायची. एकतीस वर्षं बाईंनी निळ्यावर लाल काढलं होतं. हातानं आपलं काम चोख केलं होतं. डोक्याला त्यानं विचारलं नाही, एवढंच.

लेक हसायला लागली. मग जावई. मग सर, तेही पोट धरून. "पाण्यावरून चालणार," ते म्हणाले, "आपल्या घरात एक सिद्धपुरुष आहे हे मला माहीतच नव्हतं." लेकीनं डोळे पुसले आणि आईच्या खांद्यावर हात ठेवला. "म्हणून तर म्हणतेय गं, ग्रुपबरोबर जा. कुणीतरी पुढे झेंडा घेऊन चालेल, तू मागून जायचंस. डोक्याला ताप नाही."

बाईही थोड्या हसल्या. चूक ती चूक. पण सर हसता हसता जे बोलून गेले ते त्यांच्या जिव्हारी लागलं.

"अगं, या गावात तरी तू कधी एकटी चाललीस? ऑफिसला मी सोडायचो, आणायचोही मीच. आणि परदेशात जाऊन कालवे मोजणार."

बाई टेबलाकडे वळल्या. वाट्या उचलल्या, कागद गुंडाळला आणि आत गेल्या. बाहेरच्यांना वाटलं, मिटलं.

मिटलं नव्हतं, कारण सर खोटं बोलले नव्हते. या गावातली पाण्याची प्रत्येक वाहिनी बाईंच्या हाताखालून गेली होती, आणि त्यातल्या एकीवरूनही त्या चालल्या नव्हत्या. एकदा, नवीन असताना, त्यांनी साहेबांना साइटवर येऊ का म्हणून विचारलं होतं. साहेब म्हणाले, "बाई, उन्हातान्हात कशाला? तुम्ही रेष काढा, चालायला माणसं आहेत." चांगुलपणानं म्हणाले. रागानं म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं. पुढे त्यांनी पुन्हा विचारलं नाही आणि स्थळ-पाहणीच्या रकान्यात दर वेळी दुसऱ्याच कुणाची तरी सही येत राहिली. आज त्यांना साहेबांचा राग आला, सरांचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. पुन्हा विचारलं का नाही?

संध्याकाळी त्या नव्या ब्लेडनं लाल शाई खरवडायला बसल्या. ट्रेसिंग पेपरवरची शाई खोडरबरानं जात नाही. पातं आडवं धरून, श्वास रोखून, कागदाला इजा न करता खरवडावी लागते. दोन दिवसांत त्यांनी आठही दिवस पाण्यातून बाहेर काढून काठावर ठेवले. काठावरून चालायचं म्हटलं की पूल मोजावे लागत होते, समोरासमोरच्या दोन घरांत कधी कधी पाव तासाचं अंतर पडत होतं, त्यामुळे सगळ्या वेळा बदलल्या. सहाव्या दिवसाचा एक तुकडा मात्र त्यांनी पाण्यातच ठेवला. तिथे होडी मिळते.

मंगळवारी त्यांनी सरांना सांगितलं, "उद्या सकाळी मी टेकडीवरून घरी चालत येणार आहे. मुख्य वाहिनीवरून."

"कुठल्या?"

"मी काढलेल्या."

टेकडीवरच्या जलशुद्धीकरण केंद्रापासून त्यांच्या घरामागच्या टाकीपर्यंत सात किलोमीटरची वाहिनी होती, वाटेत बावीस व्हॉल्व्ह, प्रत्येकावर एक झाकण. निवृत्तीच्या दिवशी खात्यानं त्यांना तिचीच प्रत गुंडाळून भेट दिली होती. सर "बरं" एवढंच म्हणाले. फार सरळपणे म्हणाले. बाईंना तेव्हाच शंका यायला हवी होती.

सकाळी सहाच्या बसनं त्या टेकडीवर गेल्या. फाटकापाशी पहिलं लोखंडी झाकण होतं, त्यावर ओतीव अक्षरांत एक आकडा. त्यांनी वाकून त्यावर तळवा ठेवला. झाकण थंड होतं आणि खालून बारीक थरथर येत होती. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. तिथे बघायला कुणी नव्हतं, आणि असतं तरी त्यांना फरक पडला नसता.

मग त्या निघाल्या. पायात कापडी बूट, खांद्याला पिशवी, हातात नकाशा. दुसरं झाकण, तिसरं. चौथ्यापाशी वाहिनी रस्ता सोडून उजवीकडे वळते हे त्यांना पाठ होतं. वळणाचा कोन त्यांनी तीन वेळा काढला होता, कारण सर्व्हेवाल्यानं तीनदा आकडे बदलले. का बदलले ते आज कळलं. तिथे मध्येच एक जुनी विहीर होती आणि तिला वळसा घालून पाइप गेला होता. नकाशावर विहीर नव्हती. "मेल्यानं सांगितलं असतं तर काढली असती," बाई मोठ्यानं म्हणाल्या, आणि पिशवीतली पेन्सिल काढून विहीर काढली.

सातव्या झाकणापाशी वाहिनी एका लाकडाच्या वखारीला लागून अरुंद बोळात शिरत होती. रस्ता सरळ जात होता, नकाशा बोळात. बाई बोळात शिरल्या. ओल्या भुशाचा वास, करवतीचा आवाज, भिंतीला टेकवलेल्या फळ्या. करवतीवरच्या माणसानं मान वर करून बघितलं आणि पुन्हा कामाला लागला. कुणी अडवलं नाही. कुणी विचारलंसुद्धा नाही, बाई इकडे कुठे. एकतीस वर्षं ज्याची धास्ती घातली गेली ते हे एवढंच होतं.

नवव्या झाकणापाशी त्या कठड्यावर टेकल्या, पाणी प्यायल्या, आणि फोन वाजला.

"अगं, कुठे आहेस?" सर.

"नऊ नंबरपाशी. तुम्ही?"

"मी... घरीच."

त्याच क्षणी फोनमधून ट्रकचा हॉर्न असा ऐकू आला की बाईंनी फोन कानापासून लांब धरला.

"घरात ट्रक शिरलाय का?"

 मग सर खाकरले, पण या खाकरण्यानं कुठलाही वर्ग उभा राहिला नसता. "पोरीनं सांगितलं होतं लक्ष ठेवा म्हणून. मी पुढच्या बसनं आलो. तू दिसत होतीस लांबून. मग त्या वखारीपाशी एकदम दिसेनाशी झालीस. मी सरळ गेलो. मग उजवीकडे. मग कुठे तरी. इथे सगळ्या भिंती सारख्याच आहेत आणि विचारायला चिटपाखरू नाही. फोनची बॅटरी संपत आलीय."

बाईंनी डोळे मिटले. त्यांना राग यायला हवा होता. आलाही. पण त्याच्या खालून असा काही आनंद उसळून आला की तो लपवायला त्यांना कठड्याला धरावं लागलं.

"हलू नका. जमिनीकडे बघा. एखादं लोखंडी झाकण दिसतंय?"

"झाकण... हो, आहे एक. गंजलेलं."

"त्यावर काय लिहिलंय?"

"सहा. मग तिरकी रेघ. मग दोन."

"म्हणजे तुम्ही जुन्या साबणाच्या कारखान्यामागे आहात. सहा नंबरवरून तिकडे शाखा गेलीय, तिचं दुसरं झाकण. आता ऐका. झाकणाची बिजागरी कुठल्या बाजूला आहे?"

"भिंतीच्या. छे, डावीकडे."

"ज्या बाजूनं पाणी येतं त्या बाजूला बिजागरी असते. आपल्या गावात सगळीकडे. तर बिजागरीच्या बाजूला चालत जा. दोनशे चाळीस मीटरवर सहा नंबरचं झाकण. तिथून खाली उताराकडे वळलात की वखार, वखारीच्या डाव्या हाताला बोळ. आकडे वाढत जातील तसे या. सात, आठ, नऊ. नऊवर मी आहे."

"दोनशे चाळीस? तुला कसं—" फोन बंद पडला.

बाई बसून राहिल्या. एकदा त्यांच्या मनात आलं, आपणच मागे जाऊन त्यांना घेऊन यावं. एवढी वर्षं कुणाला तरी घेऊनच येत होत्या, आजारी सासूला, शाळेतून लेकीला, बाजारातून पिशव्यांना. आज त्या उठल्या नाहीत. सांगितलंय, येतील.

पंचवीस मिनिटांनी बोळातून सर आले. टोपी हातात, शर्ट पाठीला चिकटलेला, बुटांवर भुसा.  शेजारी कठड्यावर बसले. बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली.

"दोनशे अडतीस पावलं," शेवटी ते म्हणाले. "मोजली मी."

"तुमची पावलं मोठी आहेत."

"हे सगळं तुझ्या डोक्यात आहे? सगळ्या गावाचं?"

"तुम्ही मला रोज ऑफिसला सोडायचात," बाई म्हणाल्या. "आत गेल्यावर मी काय करते ते कधी विचारलं नाहीत."

सरांनी टोपी दोन्ही हातांत फिरवली. नेहमी करायचे तसं दुसरंच काही त्यांनी या वेळी पुढे केलं नाही, हे बाईंच्या लक्षात आलं. उरलेली तेरा झाकणं दोघं मिळून चालले. नकाशा बाईंच्या हातात होता. आकडा आधी कुणाला दिसतो यावरून पंधराव्या झाकणापाशी त्यांचं भांडणही झालं.

पुढच्या रविवारी टेबल पुन्हा पुसलं गेलं. चार वाट्या पालथ्या पडल्या. या वेळी लेकीनं कागदावर वाकून आधी लाल रेष तपासली. ती काठावर होती. सहाव्या दिवशी मात्र पाण्यात.

"इथे परत चुकलंय, आई."

"तिथे होडी आहे."

लेकीनं श्वास सोडला. "अगं, पण ग्रुपचं काय? मी त्यांना काय सांगू? आणि आजारी पडलीस तर? कुणी पाकीट मारलं तर? भाषा येत नाही तुला."

"दवाखाना इथे आहे, चौथ्या पुलाजवळ. पोलीस इथे. पाकिटात सगळं ठेवणार नाही. भाषा येत नाही, नकाशा येतो." बाईंचा आवाज चढला नव्हता, पण मागेही सरत नव्हता. "तू प्रेमानं केलंस ते मला कळतं. तुम्ही नवराबायको जा त्या ग्रुपबरोबर, सात देश बघा. मी जाणार नाही. मला झेंड्याच्या मागून चालायचं नाही. मी एकतीस वर्षं दुसऱ्यांना वाट काढून दिली, आता एक माझी मी चालणार. पंधरा तारखेचं तिकीट काढून झालंय."

लेकीनं वडिलांकडे बघितलं. घरातला शेवटचा आधार. "बाबा, तुम्ही तरी सांगा."

सर आठवडाभर विचारात होते. ते टेबलापाशी आले, कागदावरच्या अर्धगोल वळणांकडे बघत उभे राहिले. "मीही आलो तर?" त्यांनी हळूच विचारलं. "तुझ्याबरोबर. ग्रुप नको."

हा प्रश्न बाईंनी दोन दिवस आधीच ओळखला होता, म्हणून त्यांना उत्तर देता आलं. आयत्या वेळी आला असता तर कदाचित विरघळल्या असत्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही आलात की मी तुमच्याकडे बघत चालेन. दमलात का, भूक लागली का, मागे राहिलात का. मला एकदा फक्त रस्त्याकडे बघत चालायचंय. पुढच्या वेळी तुम्ही या."

 सरांच्या चेहऱ्यावर दुखावल्याचं स्पष्ट दिसत होतं आणि बाईंनी ते बघितलं, नजर वळवली नाही. मग सरांनी शर्टाच्या खिशातलं पेन काढलं. याच पेनानं त्यांनी हजारो दाखले आणि प्रगतिपुस्तकं सह्या करून दिली होती. त्यांनी टोपण उघडलं आणि तक्त्यावर वाकले.

"बरं. मग मंजुरीची सही मी करतो," ते म्हणाले. मोठ्या मनानं म्हणाले, यात शंका नाही.

"पेन द्या," बाई म्हणाल्या.

सरांनी पेन दिलं. बाईंनी आधी 'तपासणी'पुढे सही केली, मग 'मंजुरी'पुढे. 'आरेखन'पुढे होती तीच सही, तेवढीच सरळ.

"तिन्ही सह्या एकाच माणसाच्या?" जावयाला राहवलं नाही. "ऑफिसात चालतं असं?"

"नाही चालत. म्हणून तर निवृत्त झाले."

लेक हसली, रागावलेली असूनही. तिनं चौथ्या रकान्यावर बोट ठेवलं. "आणि हा? स्थळ-पाहणी?"

"तो इथे बसून भरता येत नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी शाई वाळू दिली, कागद गुंडाळला, आणि सरांचं पेन टोपण लावून स्वतःच्या पर्समध्ये टाकलं.